जड झालेलं नाव

लेवेंत बाबांना म्हणाला, “बाबा, नाव तुम्हीच ठेवा,” आणि तिथंच घोटाळा झाला.

तसं त्यात वावगं काही नव्हतं. आमच्याकडे मुलगा बापाला असं म्हणतोच. त्यावर बापानं म्हणायचं असतं, “छे छे, आता तुमचे दिवस, तुम्हीच काय ते ठरवा.” मग मुलानं जरा लाजून आधीच ठरवलेलं नाव सांगायचं आणि बापानं ‘वा, छान आहे’ म्हणायचं. चहाचा पेला रिकामा व्हायच्या आत हे सगळं उरकतं. पण त्या दिवशी बाबांनी अर्धा पेला खाली ठेवला, “बरं,” म्हणाले आणि उठून हातपाय धुवायला गेले.

माझा भाऊ लेवेंत भित्रा नाही. योझगात शहरात तो लोकांना गाडी चालवायला शिकवतो, म्हणजे रोज अनोळखी माणसांच्या हातात स्वतःचा जीव देऊन बसतो. पण बाबांच्या त्या ‘बरं’पुढे त्याला तोंड उघडता आलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मी काय करणार होते?

बाबा आले, टोपी नीट केली, बाळाला दोन्ही हातांवर घेतलं आणि काब्याच्या दिशेला तोंड करून उभे राहिले. उजव्या कानात अजान म्हटली. मधे कुणी बोलायची सोय नव्हती, अजान मधेच थांबवत नाहीत. मग त्यांनी तिच्या कानाशी ओठ नेऊन तीनदा नाव सांगितलं. आवाज लहान होता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. बाळानं जांभई दिली.

माझी भावजय बेर्ना पलंगावर उशांना टेकून बसली होती, कपाळावर बाळंतिणीची लाल फीत. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

“पेरिहानताई, बाबा काय म्हणाले?”

“उम्मुगुल्सुम.”

“तीनदा?”

“तीनदा.”

“लेवेंत कुठाय?”

लेवेंत लाकडं फोडायला गेला होता. लाकडं आदल्याच दिवशी फोडून झाली होती.

उम्मुगुल्सुम हे माझ्या आईचं नाव. तिला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. त्या नावात स्वर एकच आहे, चार वेळा येतो. ओठ एकदा गोल केले की शेवटपर्यंत सोडता येत नाहीत, गरम चहावर फुंकर घालताना करतो तसे. शेवटच्या ‘म’वर ओठ मिटतात तेव्हा जरा हायसं वाटतं. प्रेषितांच्या एका मुलीचं हे नाव. अर्थ सांगतात तो असा, की गुबगुबीत गालांच्या लेकराची आई. आमच्या गावात कबरस्तानात या नावाच्या पुष्कळ जणी आहेत, शाळेत मात्र एकही नाही.

बेर्नाला हवं होतं चीदेम.

चीदेम म्हणजे आमच्या माळावर बर्फ वितळता वितळता उगवणारं बोटभर उंचीचं पिवळं फूल. गवताच्याही आधी येतं. खाली जमिनीत जाळीदार सालीचा कंद असतो, लहान सुपारीएवढा. तो सोलून कच्चाही खातात, चव ओल्या शेंगदाण्याची असते. मार्चमध्ये गावातली मुलं टोकदार काठ्या घेऊन माळावर जातात, हे कंद उकरून काढतात, फुलं एका काटेरी फांदीच्या काट्यांवर खोचतात आणि ती फांदी मिरवत घरोघर गाणं म्हणत फिरतात. प्रत्येक घरातून गव्हाचा दलिया आणि लोणी गोळा करतात आणि मग कंद घालून त्याचा पुलाव शिजवतात.

बेर्ना मेर्सिनची, समुद्राकाठची. तिकडे संत्री पिकतात, बर्फ पडत नाही. लग्नाआधी लेवेंत तिला पहिल्यांदा घरी घेऊन आला तो नेमका त्याच दिवशी. मुलांना बघून तिनं गाडी थांबवायला लावली. एका मुलीनं कंद सोलून सरळ तिच्या तोंडात घातला. “याला काय म्हणतात?” “चीदेम.” बेर्ना घरात आली ती बूट चिखलानं भरलेले, हातात उपटलेलं एक फूल आणि तोंडात तो शब्द. “चीदेम, चीदेम,” करत होती. तुर्कीत लिहिताना त्या नावात मधे एक अक्षर येतं, ते कुणी उच्चारत नाही. ते फक्त आधीचा स्वर लांबवतं. म्हणून ‘ची’ जरा रेंगाळतो आणि मग ‘देम’ पायरी उतरल्यासारखं खाली येतं. आईला इतकं हसू आलं होतं, की पाहुणीला आधी खुर्ची द्यायची की कोरडे मोजे, हेच तिला सुचेना.

तेव्हापासून बेर्नाच्या मनात होतं, मुलगी झाली तर हेच. मुलगी झाली आणि नाव पडलं उम्मुगुल्सुम.

तिनं भांडण केलं नाही. तिनं फक्त ते नाव उच्चारलं नाही. बाळ म्हणायची, सोनं म्हणायची, कोकरू म्हणायची. बाबांनी मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण नाव घ्यायला सुरुवात केली. “उम्मुगुल्सुम उठली का? उम्मुगुल्सुमचे पाय गार आहेत, पेरिहान, मोजे बघ.” नोंदणी व्हायची होती. लेवेंत म्हणायचा, करू, परवा करू. शहरातून शनिवारी यायचा, दोन्ही बाजूंचं ऐकायचा आणि दोन्ही बाजूंना मान डोलवायचा. आमच्याकडे बाळंतीण चाळीस दिवस घराबाहेर पडत नाही. बेर्ना आमच्या घरी, बाबांच्या आणि माझ्या मधे अडकली होती.

तिसऱ्या आठवड्यात बाळ रडायला लागलं.

दुपार कलली की सुरू व्हायचं. पाय पोटाशी घ्यायची, मुठी वळायची, लालबुंद व्हायची. पाजलं तरी रडायची, झोपवलं तरी रडायची. तिन्हीसांजेला दमून झोपायची आणि मग घरातले सगळे आपापल्या जागी बसून राहायचे.

शेजारच्या हातुन मावशी चौथ्या दिवशी आल्या. त्यांनी बाळाचं पोट दाबून पाहिलं, डोळ्यांत पाहिलं, तळपायाचा वास घेतला.

“नाव जड झालंय पोरीला,” त्या म्हणाल्या.

मी चहा ओतत होते, थांबले.

“अगं, बघताय काय माझ्याकडे? एवढंसं कोकरू आणि त्याच्यावर उंटाचं खोगीर! ओझ्यानं मान वाकली बिचारीची. हलकं नाव ठेवा, उद्या गप्प होईल.”

बेर्नानं माझ्याकडे पाहिलं. बेर्ना फार्मासिस्ट आहे. तिच्या दुकानात कुणी दात येण्यासाठी मंतरलेले मणी मागितले, तर ती त्यांना खुर्चीवर बसवून दहा मिनिटं समजावून सांगते. पण आता ती अगदी गरीब चेहरा करून म्हणाली, “हलकं म्हणजे कसं हो, मावशी?”

“लहानसं. फुलाचं बिलाचं.”

“फुलाचं,” बेर्ना म्हणाली. “ऐकलंत का, बाबा?”

बाबांना जेवढं ऐकायचं असतं तेवढंच ऐकू येतं. या वेळी मात्र त्यांनी मान वर केली. “नाव जड बिड काही नाही. पोट दुखतंय तिचं. पेरिहान, तू सांग. तू शाळेत रसायनशास्त्र शिकवलंस ना?”

आता पाहा. बाबा नजर उतरवल्याशिवाय नवी बादलीसुद्धा घरात आणत नाहीत, ते विज्ञानाचा दाखला मागत होते. आणि विज्ञान शिकलेली सून नजरबाधेच्या बाजूनं उभी होती. मी म्हणाले, “दुखत असावं.” बेर्नानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा चहा ओतायला लागले.

“सातिल्मिश, तू बोलतोस हे?” हातुन मावशी बाबांना म्हणाल्या. त्या बाबांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या, आणि गावात त्यांना अरे-तुरे करणारं एवढं एकच माणूस उरलं आहे. “तू? तुझं पहिलं नाव काय होतं रे?”

सातिल्मिश म्हणजे विकलेला. बाबांच्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले. बाबांचं नाव आधी सुलेमान ठेवलं होतं. तेही आजारी पडले, तेव्हा सगळ्यांनी ठरवलं, की नाव जड झालं. आजीनं त्यांना खिडकीतून शेजारणीच्या हाती दिलं, मूठभर मीठ घेऊन विकल्याचं जाहीर केलं आणि दारातून परत आणलं. हे मूल आता या घरचं नाही, मृत्यूच्या दूतानं इथं शोधायला येऊ नये. बाबा वाचले आणि सातिल्मिश झाले.

“माझं बदललं, म्हणूनच सांगतोय,” बाबा म्हणाले आणि गोठ्याकडे निघून गेले.

“म्हणूनच म्हणजे काय?” बेर्नानं विचारलं.

हातुन मावशींनी साखरेचा खडा दातांत धरला. “त्याला विचार. मला काय माहीत, मी तेव्हा पाच वर्षांची होते. मीठ मात्र आमच्याच घरचं होतं.”

संध्याकाळी बेर्ना माझ्या मागे लागली.

“ताई, तुम्ही बोला ना बाबांशी. तुमचं ऐकतात ते.”

“काय बोलू?”

“की नाव जड झालंय.”

“मी खोटं बोलणार नाही, बेर्ना.”

“खोटं कुठे? म्हणा, की लोक म्हणतात. लोक म्हणतातच आहेत.”

मी बोलण्याआधी बाळाचं वजन केलं. घरात दलिया जोखायचा जुना टांगता काटा आहे. फडक्याची झोळी केली, बाळाला तिच्यात घातलं, काटा स्थिर व्हायची वाट पाहिली आणि झोळीचं वजन वजा केलं. वाढ अगदी व्यवस्थित होती. दूध पचत होतं, ताप नव्हता, रडायची वेळ ठरलेली होती. हे असं रडणं पुष्कळ बाळांचं असतं आणि तीन महिन्यांची झाली की आपोआप थांबतं. मी बेर्नाला तसं सांगितलं.

“मलाही माहीत आहे ते,” ती म्हणाली. “दुकानात रोज आयांना हेच सांगते मी.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “ताई, मला तिला हाक मारायची आहे हो. महिना होत आला. स्वतःच्या मुलीला मी नावानं हाक मारलेली नाही.”

दुसऱ्या दिवशी मी बाबांना गाठलं. ते पेरणीचे बटाटे निवडत बसले होते, मीही शेजारी बसून निवडायला लागले.

“बाबा, बेर्नाला ते नाव फार हवं आहे.”

“हं.”

“लेवेंत तुम्हाला नुसतं म्हणायचं म्हणून म्हणाला होता.”

“ठाऊक आहे.”

“ठाऊक होतं?”

“मी काय काल जन्मलोय? माझ्या बापाला मीही तसंच म्हणालो होतो. त्यानं तुझं नाव ठेवलं. मला कुठे पेरिहान हवं होतं?”

मी बटाटा खाली ठेवला. एवढ्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. “मग काय हवं होतं?”

“आता कशाला? पेरिहान चांगलं आहे. सवय झाली.” त्यांनी माझा बटाटा उचलून पाहिला आणि टाकायच्या ढिगात टाकला. “याला डोळे कुठे आहेत? नीट बघ.”

याच्यापुढे काही बोलणं झालं नाही. मी बेर्नाला तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे जाणूनबुजून केलं त्यांनी!” आणि त्या दिवशी तिनं बाबांचा चहा न ढवळता त्यांच्यापुढे ठेवला. आमच्या घरात हा मोठाच राग.

त्याच आठवड्यातली गोष्ट. ऊन पडलं होतं. बेर्नाला खोलीत बसून बसून कंटाळा आला होता, म्हणून मी तिला अंगणात भिंतीच्या आडोशाला बसवलं, शालीत गुंडाळून. बाळ आत झोपलं होतं, बाबा शेगडीजवळ होते. थोड्या वेळानं आतून रडणं ऐकू आलं. नेहमीची वेळ झाली होती. आम्ही उठलो, दारात बूट काढले, आणि रडणं थांबलं.

मधल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत बाबा येरझाऱ्या घालत होते. बाळ त्यांच्या खांद्यावर उभं धरलेलं, पोट त्यांच्या छातीला लागलेलं.

“उम्मुगुल्सुम,” बाबा म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, अंगणातून हाक मारावी तसं: “उम्मुगुल्सुम! अगं, चहा झाला का?” चार पावलं टाकली. “उम्मुगुल्सुम, बघ, बर्फ पडलं रात्री.” वळले. “उम्मुगुल्सुम, माझी टोपी कुठे ठेवलीस?” दोन फेऱ्या नुसत्याच घातल्या. आणि मग अगदी हळू, कुणी जवळ बसलेलं असावं तसं, नुसतं नाव.

बेर्ना एका हातात बूट घेऊन उभी होती. तिला काही कळलं नव्हतं, एवढंच कळलं होतं, की हे बाळाशी बोलणं नाही. मी तिला परत अंगणात नेलं आणि सांगितलं.

बाबांनी आईला कधीही नावानं हाक मारली नाही. त्यांच्या पिढीत आईबापांसमोर बायकोचं नाव घेणं हा बेशरमपणा होता, स्वतःचं मूल उचलून घेणं हाही. आजी-आजोबा असेपर्यंत बाबा आईला ‘हिश्त’ करायचे, किंवा नुसते खाकरायचे. आमच्याशी बोलताना ‘तुमची आई’, बाहेर ‘आमच्या घरात’. आजोबा खूप जगले. ते गेले तेव्हा बाबांचे केस पांढरे झाले होते आणि सवय हाडात गेली होती. आईला मात्र सगळी खाकरणी वेगवेगळी ओळखता यायची. हे चहाचं, हे टोपीचं, हे पाहुण्यांचं. शेवटी तिला दवाखान्यात नेलं तेव्हा खिडकीतल्या बाईनं बाबांना विचारलं, “पेशंटचं नाव?” बाबांचे कान लाल झाले. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “तू सांग.”

बेर्ना ऐकत होती. तिचा नवरा तिला दिवसातून पन्नास वेळा नावानं हाक मारतो, तीही त्याला मारते, निम्म्या वेळा ओरडून.

“कधीच नाही?” तिनं विचारलं.

“मी तरी ऐकलं नाही.”

“आणि आईंना? वाईट वाटायचं का त्यांना?”

“मी कधी विचारलं नाही.” हे खरं होतं. आमच्याकडे तसं विचारत नाहीत.

ती भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, “ताई, बाळ गप्प कसं झालं पण?”

“उभं धरलं की वायू सरतो. छातीची ऊब मिळते. आणि त्या नावात ‘म’ आहेत, छातीत घुमतात, ते पोटाला जाणवत असणार.”

“तुम्ही पण ना,” बेर्ना म्हणाली आणि शालीनं नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही न्याहारीला बसलो होतो. बाळ पाळण्यात कुरकुरलं. बेर्ना उठली, वाकली आणि ओठ चांगले गोल करून म्हणाली, “काय झालं, उम्मुगुल्सुम? काय झालं माझ्या उम्मुगुल्सुमला?” चारही स्वर नीट, एकही न खाता.

बाबांचा हात पावाकडे चालला होता, तो तिथंच राहिला. त्यांनी बेर्नाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ऑलिव्हच्या बिया मोजत असल्यासारखं केलं. त्यांनी पाव घेतला, पण खाल्ला नाही. त्या दिवशी बेर्नानं चहात साखर घालून, ढवळून दिला.

मला वाटलं, झालं, मिटलं. लेवेंतला फोन करून सांगितलं, की शनिवारी ये आणि नोंदणी करून टाक, उम्मुगुल्सुम. तो इतका खूश झाला, की कुणाच्या बाजूनं मिटलं हेही त्यानं विचारलं नाही.

शनिवारी सकाळीच बाबा काठी घेऊन बाहेर पडले. उतारावरचं बर्फ विरघळत आलं होतं. परत आले तेव्हा गुडघ्यांना चिखल होता आणि कोटाचा खिसा फुगलेला होता. खिशातलं काय ते पाण्याच्या भांड्यात टाकून ते भांडं खिडकीत ठेवलं.

दुपारी मुली आल्या. पुढच्या दोघींनी काटेरी फांदी धरली होती, तिच्यावर पिवळी फुलं खोचलेली, मागच्यांकडे भांडी. त्यांनी दारात गाणं म्हटलं. आधी दलिया आणि लोणी आई द्यायची. या वेळी मी उठायच्या आत बाबा उठले आणि भांडं गच्च भरलं.

“देदे, तुमच्याकडे बाळ आलंय ना?” फांदीवाली एक म्हणाली. आजोबांना आमच्याकडे देदे म्हणतात. “तिच्यासाठी पण गातो. नाव काय तिचं?”

“उम्मुगुल्सुम!” आतून बेर्ना ओरडली.

“चीदेम,” बाबा म्हणाले.

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. “दोन बाळं झाली?” मागून कुणीतरी विचारलं.

बेर्ना बाळाला घेऊन दारापर्यंत आली. “बाबा, चेष्टा करू नका. नाव ठेवलंय. अजान देऊन ठेवलंय.”

“अजान काय, रोज पाच वेळा होते.”

“मला आवडतं ते नाव.”

“परवापर्यंत तर जड होतं.”

“नाही होत नाव जड! मी फार्मासिस्ट आहे, मला विचारा. नाव बिव काही जड होत नसतं.”

“अच्छा,” हातुन मावशी त्यांच्या दारातून म्हणाल्या. त्या कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. “आता होत नाही. आता पोरीचं पोट दुखतं, नाही का?”

लेवेंत नुकताच गाडीतून उतरला होता. तो फाटकातच थबकला. “मिटलंय म्हणाली होतीस,” तो मला हळूच म्हणाला. “आता कोण कुठल्या बाजूला आहे?”

बाबांनी बेर्नाच्या हातातून बाळ घेतलं. मुलींसमोर, शेजारणीसमोर, मुलासमोर. तिला खांद्याला लावलं आणि बेर्नाशी बोलले, पण बघत होते फांदीकडे.

“मला खिडकीतून विकलं आणि सातिल्मिश केलं. ते माझ्यासाठी नव्हतं केलं, सूनबाई. वरून कुणी न्यायला आलं तर त्याला चकवायला केलं. नाव माझं, पण सांगायचं होतं भलत्यालाच. आयुष्य गेलं त्यात. पलटणीत हसले लोक, बाजारात हसले. म्हणून म्हणत होतो, हिचं नाव बदलू नका.” त्यांनी बाळाची टोपी सारखी केली. “मग काल ध्यानात आलं. मी रोज हाक मारतो. पण हिला कुठे मारतो? मीही तेच केलं हिचं.”

बेर्नाच्या लक्षात आलं असावं, की आम्ही ऐकलं होतं हे त्यांना ठाऊक आहे. तिनं मान खाली घातली नाही, हे मला आवडलं.

“मग दोन्ही ठेवू,” ती म्हणाली.

“दोन्ही कशाला? लांबलचक.”

“असू दे लांबलचक. आधी चीदेम, मागे उम्मुगुल्सुम. शाळेत एक वापरेल, घरात दुसरं.”

“आणि तीन ठेवायची असतील तर माझंही घ्या,” हातुन मावशी म्हणाल्या. “मीठ आमचं होतं.”

बाबा हसले. हातपाय धुऊन आले, टोपी नीट केली आणि त्याच खोलीत, त्याच दिशेला तोंड करून उभे राहिले. या वेळी दारात सात-आठ मुली होत्या, बूट न काढता, माना उंच करून. अजान झाली. मग बाबांनी तीनदा सांगितलं, “तुझं नाव चीदेम.” पहिल्या वेळी त्यांचा ‘ची’ आखूड पडला. दुसऱ्या वेळी त्यांनी तो नीट लांबवला. तिसऱ्या वेळी बेर्नाही पुटपुटत होती. तिला आता कोण अडवणार? ती म्हणतच राहिली, बाळाच्या पायांना, टोपीला, मुठीला, चीदेम, चीदेम, अगदी त्या पहिल्या मार्चसारखी.

खिडकीतल्या भांड्यात कंद होते. बाबांनी सकाळी स्वतः उकरलेले, पाचसहाच, दोन काठीनं कापलेले. ते मुलींच्या भांड्यात टाकले. संध्याकाळी पुलावाची वाटी आमच्याकडेही आली, लोणी जरा जास्त, मीठ कमी. बेर्नानं दोनदा घेतला.

बाळ त्या दिवशीही रडलं. नेहमीच्या वेळेला, नेहमीएवढंच.

“नवं नाव अंगी लागायला वेळ लागतो,” हातुन मावशी म्हणाल्या. मी तीन महिन्यांचं काही बोलले नाही. ती तीन महिन्यांची होईल तेव्हा रडणं थांबेल आणि श्रेय मावशी घेतील. घेऊ देत.

बाबा उठले. लेवेंतच्या हातातून बाळ घेतलं, उभं धरलं, पोट छातीला लावलं आणि मधल्या खोलीत गेले. टाचेनं दार मागे लोटलं. रडणं हळूहळू उतरायला लागलं.

बेर्ना लगेच उठली, नळ सोडला आणि चहाचे पेले विसळायला घेतले, चांगला आवाज करत. चाळीस दिवस संपले नव्हते, तिनं गार पाण्यात हात घालायचा नव्हता. मी फडकं घेतलं आणि तिच्या शेजारी उभी राहून पेले पुसू लागले.